अन्नवस्त्र आणि वाटा

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात दायविभागाचा विचार चालू असताना दोन श्लोक लागोपाठ येतात. पहिल्यात वडिलार्जित संपत्तीत ज्यांना वाटा नाही अशांची गणना आहे. तीत जन्मांध, बहिरा, मुका, उन्मत्त यांच्याबरोबर 'जड' म्हणजे मंदबुद्धीचा पुरुषही आहे. दुसऱ्या श्लोकात सांगितले आहे की, या सर्वांना वाटेकऱ्यांनी आपापल्या शक्तीप्रमाणे जन्मभर अन्नवस्त्र द्यावे. जो देणार नाही तो पतित होतो. याज्ञवल्क्याने हाच विचार दोन शब्दांत बसवला: अशी माणसे 'निरंशक' आहेत आणि 'भर्तव्य' आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही जड आणि उन्मत्त हे वाट्याबाहेरचेच आहेत. ग्रंथ वेगवेगळे, काळ वेगवेगळे, परंतु निर्णयाची घडण एकच आहे.

या श्लोकांकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ आहेत. परंपरेचा अभिमान बाळगणारे दुसऱ्या श्लोकाकडे बोट दाखवतात आणि म्हणतात की, आमच्याकडे दुर्बलाला टाकून देण्याची चाल नव्हती. परंपरेचे टीकाकार पहिल्या श्लोकावर थांबतात. दोघेही अर्धेच वाचतात. वस्तुतः हे दोन श्लोक मिळून एकच व्यवस्था सांगतात आणि तिच्यात करुणा व बहिष्कार यांची गाठ इतकी घट्ट आहे की, एक सोडवताना दुसरी हाती येते. ज्याला पोसायचे त्याला विचारायचे नाही, आणि ज्याला विचारायचे नाही त्याला उपाशीही ठेवायचे नाही, असा तो करार आहे. ज्याच्याबद्दल करार झाला तो मात्र करारात कोठेच बोलत नाही.

कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर जी 'मिताक्षरा' टीका लिहिली तिच्यात 'जड' या शब्दाचा अर्थ सांगितला आहे. ज्याचे अंतःकरण विकल आहे, ज्याला आपले हित कोणते आणि अहित कोणते याचा निश्चय करता येत नाही, तो जड. व्याख्या म्हणून ती आजच्या अनेक वैद्यकीय व्याख्यांपेक्षा माणसाच्या अधिक जवळ जाणारी आहे, कारण ती बुद्धीचे मोजमाप करीत नाही, व्यवहारातली अडचण सांगते. याच टीकेत पुढे म्हटले आहे की, विभागणीनंतर औषधोपचाराने दोष नाहीसा झाला तर त्या पुरुषाला वाटा मिळावा. ही सवलत उदार दिसते. परंतु तिचा दुसरा अर्थ असा की, वाटा हा बरे होण्यावर अवलंबून आहे. जो बरा होणार नाही, किंबहुना ज्याची अवस्था हा आजारच नाही, त्याचे काय, हा प्रश्न टीकाकाराच्या मनात उभा राहिलेला दिसत नाही.

तो प्रश्न आजही पुष्कळ घरांत उभा राहत नाही. मूल तीन-चार वर्षांचे होते, बोलत नाही, हाक मारली तर बघत नाही, आणि आईबापांची वणवण सुरू होते. बालरोगतज्ज्ञ, मेंदूचा डॉक्टर, आयुर्वेद, नवस, अमुक गावचा बाबा, तमुक गावची पुडी. या वणवणीत दागिने जातात, जमिनीचा तुकडाही जातो. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे मुलाची पहिली सहा-सात वर्षे जातात आणि शिकण्याचा खरा काळ तोच असतो. मतिमंदता हा ताप नव्हे की तो उतरेल. ती वाढीची एक वेगळी गती आहे. परंतु 'बरा झाल्यावर' शाळा, 'बरा झाल्यावर' लग्नाकार्याला नेणे, 'बरा झाल्यावर' हातात घास घेऊ देणे, असा वाटा पुढे ढकलला जातो. मिताक्षरेची अट घराघरांत अशी न वाचता पाळली जाते.

कायद्याने मात्र ती अट काढून टाकली आहे. १९२८ च्या कायद्याने वारसाहक्कातील बहुतेक अपात्रता रद्द केल्या. आंधळा, बहिरा, पांगळा हे वाटेकरी झाले. अपवाद राहिला तो जन्मापासून वेड्या किंवा मूढ असलेल्याचा. सुधारणेच्या दारातून सर्वांना आत घेताना शेवटी उभ्या असलेल्यापाशी दार लोटले गेले, असे म्हणावे लागते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातील २८ व्या कलमाने तेही उघडले: कोणताही रोग, दोष वा व्यंग यांमुळे कोणी वारसाहक्काला अपात्र ठरणार नाही. निदान दोन हजार वर्षांच्या 'निरंशक' या शब्दाचा शेवट एका ओळीत झाला. आश्चर्य इतकेच की, या ओळीची दखल समाजसुधारणेच्या इतिहासात फारशी कोणी घेत नाही.

परंतु वाटा म्हणजे केवळ शेतजमीन किंवा सदनिकेचा चौथा हिस्सा नव्हे. घरातल्या वाट्याचे स्वरूप अधिक सूक्ष्म असते. महाराष्ट्रातल्या लग्नपत्रिकांवर काका-काकू, आत्या-मामांची नावे ओळीने छापलेली असतात. खाली एका कोपऱ्यात बोबड्या भाषेत आग्रह करणारी चिमुकली भाचरेही असतात. त्याच घरातला तिशीचा मतिमंद काका कित्येकदा त्या यादीत नसतो. तो जेवत असतो, अंगावर धुतलेले कपडे असतात, औषध वेळेवर मिळते. अन्नवस्त्रात कमतरता नसते. पाहुणे आले की तो आतल्या खोलीत असतो. २०११ च्या जनगणनेत देशातील २.६८ कोटी अपंगांपैकी मतिमंद म्हणून नोंदले गेलेले लोक सुमारे १५ लाख आहेत. १२१ कोटींच्या देशात हा आकडा फार लहान आहे आणि त्याचे कारण केवळ प्रगणकांचे अज्ञान नसावे. पत्रिकेत नाव न छापणारे घर दारात आलेल्या अनोळखी माणसालाही ते सांगत नाही.

आतल्या खोलीची ही गोष्ट मध्यमवर्गाची. ज्यांना आतली खोली नाही त्यांच्याकडे दोरी असते. आई मजुरीला, बाप मजुरीला, धाकटी बहीण शाळेत. घरी आठ वर्षांचा मुलगा, ज्याला रस्ता कळत नाही, विहीर कळत नाही, चूल कळत नाही. त्याच्या पायाला दोरी बांधून ती खाटेच्या खुराला किंवा घराच्या मेढीला अडकवलेली असते. शेजारी पाण्याचा तांब्या आणि भाकरी. हे दृश्य पाहणारा पहिल्याने हादरतो आणि मग आईबापांना क्रूर ठरवून मोकळा होतो. नीतिविचाराला मात्र इतक्या लवकर मोकळे होता येत नाही. ही दोरी मुलाचे स्वातंत्र्य हिरावते यात शंका नाही. तीच दोरी त्याला विहिरीपासून वाचवते यातही शंका नाही. दोरी बांधणारा हात आईचा असतो; ती बांधायला लावणारे हात मात्र अनेक आहेत: गावात पाळणाघर नसणे, मजुरीचा दिवस बुडाला तर चूल न पेटणे, जवळची विशेष शाळा तालुक्याला असणे आणि तिथवर नेण्याचे भाडे नसणे. कृत्याचा कर्ता एक आणि कारण दुसरे असते तेव्हा दोष कोणाच्या पदरात टाकायचा हा नीतिशास्त्रातला जुना प्रश्न आहे. येथे तो सुटतो तो एवढ्यापुरताच की, जो समाज दोरी सोडायला माणूस देत नाही त्याला दोरी बांधणाऱ्याचा न्याय करण्याचा अधिकार नाही.

तमिळनाडूतील एरवाडी येथे ऑगस्ट २००१ मध्ये साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले. त्यांचा प्रश्न वेगळा होता. मनोरुग्णता आणि मतिमंदता या दोन भिन्न गोष्टी आहेत आणि त्यांची सरमिसळ करणाऱ्या १९१२ च्या कायद्याने बराच काळ नुकसान केले आहे. तरी त्या घटनेतून एक गोष्ट कळते. बांधणे घरी असो वा धर्मस्थळी, आणीबाणीच्या क्षणी बांधलेल्याला सोडवणारे कोणी जवळ नसते.

स्मृतिकारांच्या विधीत आणखी एक रिकामी जागा आहे. अन्नवस्त्र द्यावे, ही आज्ञा वाटेकऱ्यांना, म्हणजे पुरुषांना आहे. अन्न शिजवून ते भरवणारी आणि वस्त्र नेसवणारी कोण, हे तेथे लिहिलेले नाही. ते लिहावे लागले नाही. जगभर बहुतेक ठिकाणी ती आईच असते. अमेरिकन तत्त्वज्ञ इव्हा फेडर किटे यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या 'लव्ह्ज लेबर' या ग्रंथात या रिकाम्या जागेवर बोट ठेवले. किटे यांची मुलगी अत्यंत तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेली. त्यामुळे हा ग्रंथ अभ्यासिकेइतकाच घरातही घडलेला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: जो पूर्णपणे परावलंबी आहे त्याची काळजी घेणारी व्यक्ती स्वतःही परावलंबी होते. तिला नोकरी सोडावी लागते, आजारी पडण्याची सोय राहत नाही, आपल्या हिताची बाजू मांडायला वेळ उरत नाही. समाज हा समान आणि स्वतंत्र माणसांचा करार आहे असे मानणाऱ्या सिद्धांतात मुलाला जशी जागा नाही तशी या बाईलाही नाही. म्हणून जो काळजी घेतो त्याची काळजी घेणे हे इतरांचे ऋण ठरते. या तत्त्वाला किटे यांनी नाव दिले ते बाळंतिणीची सेवा करणाऱ्या बाईसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. बाळंतिणीने बाळाला पाहायचे आणि बाळंतिणीला तिच्या आईने पाहायचे, ही रीत येथे इतकी अंगवळणी पडलेली आहे की, तिच्यात काही तत्त्व आहे याचा विसर पडतो. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, अंग रगडणारी बाई, बाळ झोपले की आईनेही झोपावे म्हणून होणारा दटावणीचा सूर: हा सगळा त्या ऋणाचा व्यवहार आहे. फरक एवढाच की, ही सेवा सव्वा महिन्याची असते. ज्या मुलाला वीस वर्षांचे झाल्यावरही आंघोळ घालावी लागते त्याच्या आईचे बाळंतपण संपत नाही, आणि माहेर मात्र सव्वा महिन्यानंतर संपते. तिची आई म्हातारी होते, भावजय आपल्या संसारात गुंतते, आणि नवराच निघून गेल्याची उदाहरणेही दुर्मिळ नाहीत. केंद्र सरकारी नोकरीत असलेल्या स्त्रीला मुलाच्या संगोपनासाठी एकूण ७३० दिवसांची रजा मिळते व अपंग मुलाच्या बाबतीत वयाची मर्यादा नाही. स्वतः कमवू न शकणाऱ्या अपत्याला आईबापांच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन आजन्म मिळते. या चांगल्या सोयी आहेत. त्या पगारदारांच्या आहेत. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याने अधिक आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख केला, पण तो राज्याच्या आर्थिक कुवतीच्या चौकटीत ठेवला. मनूनेही 'शक्तीप्रमाणे' म्हटलेच होते.

घरी मुलाला शिकवण्याचे जे तंत्र गेल्या काही दशकांत विकसित झाले आहे त्याकडे साहित्याच्या अभ्यासकानेही पाहण्यासारखे आहे. सदरा घालणे ही प्रौढाला एक क्रिया वाटते. ती मोडून पाहिली तर तिच्यात आठ-दहा पायऱ्या निघतात: पुढची बाजू ओळखणे, डोके घालणे, एक बाही शोधणे, दुसरी शोधणे, खाली ओढणे. मंदगतीच्या मुलाला पहिल्या पायरीपासून शिकवले तर ते दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर अडते, आई उरलेले भराभर उरकते, आणि मुलाच्या अनुभवात प्रत्येक दिवस आपल्याला न जमण्याने संपतो. म्हणून शिकवण उलटी केली जाते. सगळे आई करते आणि शेवटचे ओढणे तेवढे मुलावर सोडते. ते जमले की शेवटच्या दोन पायऱ्या, मग तीन. काम पुरे करण्याचा क्षण रोज मुलाचा असतो. सिकंदराबाद येथे १९८४ साली स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था असो की मुंबई-पुण्यातल्या जुन्या शाळा, पालकांना हे तंत्र शिकवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. मुंबईची जय वकील शाळा १९४४ साली सुरू झाली तीच मुळी एका आईबापांनी आपल्या मुलीसाठी सुरू केली. पुण्यात 'कामायनी' १९६४ पासून काम करते आहे. या तंत्राला कोणी तत्त्वज्ञान म्हणत नाही. तरी स्मृतिकारांच्या भाषेत बोलायचे तर आईने कामाचा सगळा भार उचलला आहे आणि वाटा मुलाला दिला आहे.

अर्थात घर हे शिक्षणाचे स्थान आहे असे म्हटले की, दुसऱ्या एका लबाडीला वाव मिळतो. शिक्षणहक्क कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने तीव्र आणि बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना घरीच शिकण्याचा पर्याय हक्क म्हणून दिला. जे मूल उठूच शकत नाही त्याच्यासाठी तो आवश्यक होता. पण ज्याला शाळेत बसणे शक्य आहे त्यालाही 'तुम्ही घरीच शिकवा' असे सांगायला शाळेला तेच कलम हाताशी येते. घरचा आधार आणि घरची कोंडी यांचे दार एकच असते. कोणत्या हेतूने ते लावले आहे हे बाहेरून कळत नाही.

आता साहित्याकडे वळावे. भारतीय परंपरेत मंदबुद्धीच्या माणसाचे सर्वांत विस्तृत चित्र भागवताच्या पाचव्या स्कंधात जडभरताच्या कथेत आले आहे. बाप त्याला शिकवू पाहतो, तो शिकत नाही. बाप गेल्यावर सावत्र भाऊ त्याला शेतावर राबवतात. कोंडा, पेंड, भांड्याला लागलेली करपलेली खरवड, जे देतील ते तो खातो. ग्रासाच्छादनाचा विधी प्रत्यक्षात कसा पाळला जात असे याचे इतके निष्ठुर वर्णन दुसरीकडे क्वचित सापडेल. पुढे त्याला बळी देण्यासाठी धरून नेतात. पुढे राजा रहूगणाच्या पालखीला जुंपतात. राजा त्याची थट्टा करतो, तो बोलू लागतो, आणि राजा पालखीतून उतरून त्याच्या पाया पडतो. कारण तो जड नव्हताच. जडाचे सोंग घेतलेला ज्ञानी होता.

कथा थोर आहे, पण तिच्या न्यायात एक मोठी फट आहे. राजा लोटांगण घालतो ते ज्ञानापुढे. पालखीला जुंपलेला तो माणूस खरोखरच जड असता तर? त्याचे खांदे तसेच दुखले असते, खरवड तशीच कडू लागली असती, आणि राजाला उतरण्याचे कारण पडले नसते. अपमान झाला तो ज्ञान्याचा, म्हणून तो अपमान. महानुभावांच्या गद्यात रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंचे जे चरित्र आले आहे त्यात ही फट थोडी बुजलेली दिसते. म्हाइंभटांच्या या ग्रंथातले श्रीप्रभू कोणाच्याही घरात शिरतात, हवे ते उचलून खातात, असंबद्ध बोलतात, मुलासारखे रुसतात. आणि गाव त्यांना सांभाळते, कधी वैतागते, कधी हसते. श्रद्धाळूंसाठी ही ईश्वराची लीला आहे. श्रद्धा क्षणभर बाजूला ठेवून वाचले तरी एक उरते: वेगळ्या वागणाऱ्या माणसाला दारातून आत येऊ देणाऱ्या गावाचे बाराव्या-तेराव्या शतकातले दैनंदिन चित्र. येथे त्याला घर आहे ते एका कुटुंबाचे नाही, सगळ्या रिद्धपूरचे आहे.

तरीसुद्धा मान मिळतो तो देवपणामुळे. ही खोड अजून गेलेली नाही. डिसेंबर २०१५ मध्ये अपंगांसाठी 'दिव्यांग' हा शब्द सरकारी व्यासपीठावरून पुढे आला आणि लवकरच रूढ झाला. त्यामागची सद्भावना नाकारण्याचे कारण नाही. परंतु हा शब्द जडभरताच्याच वाटेने जातो; उणिवेच्या आड दिव्यत्व दडलेले असले पाहिजे असा त्याचा हट्ट आहे. ज्याच्या आड काहीही दडलेले नाही, ज्याच्याकडे फक्त त्याचे साधे, संथ, लाळ गळणारे, अकारण हसणारे आयुष्य आहे, त्याला तो शब्द लाजवतो. जपानी कादंबरीकार केन्झाबुरो ओए यांच्या बाबतीतही जगाने असेच केले. १९६३ साली त्यांना मेंदूत गंभीर दोष असलेला मुलगा झाला; पुढच्याच वर्षी त्यांनी 'अ पर्सनल मॅटर' या नावाने इंग्रजीत गेलेली कादंबरी लिहिली. तीत नवजात मूल मरावे अशी इच्छा करणारा बाप आहे. ती इच्छा कोणतीही सारवासारव न करता लिहिणे हे या कादंबरीचे नैतिक बळ. पुढे तो मुलगा पक्ष्यांच्या आवाजांवरून संगीताकडे वळला, संगीतकार झाला, आणि ओए यांना १९९४ चे नोबेल पारितोषिक मिळाल्यावर जगभरच्या लेखांत ही दुसरी गोष्टच अधिक सांगितली गेली. संगीत आले नसते तर त्या मुलाचे मोल उणे झाले असते काय, हे विचारायचे राहून गेले.

मराठीत या विषयावर थोडे लिहिले गेले. जयवंत दळवी यांचे 'नातीगोती' हे नाटक त्यांत महत्त्वाचे आहे, कारण ते मतिमंद मुलाला प्रतीक करीत नाही आणि आईबापांना संत करीत नाही. त्या घरात थकवा आहे, संताप आहे, एकमेकांवर ढकलाढकली आहे. संजय सूरकर यांचा 'चौकट राजा' (१९९१) अधिक लोकप्रिय झाला आणि दिलीप प्रभावळकरांच्या अभिनयामुळे तो आजही आठवला जातो. तथापि त्यातल्या नायकाची अवस्था बालपणीच्या अपघाताने आलेली आहे. अपघात म्हटला की कारण सापडते, अपराधभावाला विषय मिळतो, कथा बांधता येते. जन्मतःच जे तसे आहे, ज्याला कारण नाही आणि ज्याचा कोणी अपराधी नाही, त्याची कथा बांधणे अवघड. दळवींनी ते केले हे त्यांचे मोठेपण.

पाश्चात्य तत्त्वज्ञानाने हा विषय फार काळ उदाहरणापुरता वापरला. लॉकने सतराव्या शतकाच्या अखेरीस माणूस आणि पशू यांच्या सीमेवर जन्मजात मूढांना उभे करून संज्ञांची चर्चा केली. आपल्या काळात पीटर सिंगर यांनी प्राण्यांची बाजू मांडताना तोच वर्ग पुन्हा हाती घेतला: बुद्धी हीच जर माणसाच्या मोलाची कसोटी असेल तर तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसाला काही प्राण्यांहून वरचढ का मानावे? तर्क म्हणून हा युक्तिवाद स्वच्छ आहे आणि त्याला रागावून उत्तर देता येत नाही. किटे यांनी २००८ मधील एका परिषदेत सिंगर यांना समोरासमोर उत्तर दिले, आणि त्यांच्या लेखनातूनही येणारे उत्तर असे की, माणसाचे मोल त्याच्या अंगच्या गुणांच्या यादीतून येत नाही. तो कोणाचे तरी मूल आहे, कोणीतरी त्याला माणूस म्हणून वाढवले आहे, या नात्यातून ते येते. त्याचा अवमान हा त्याला वाढवणारीच्या श्रमाचाही अवमान आहे.

या उत्तराला एक शंका उरते आणि ती तत्त्वज्ञांपेक्षा पालक अधिक विचारतात. आई गेल्यावर काय? 'आमच्यामागे याचे कसे होणार' हे वाक्य प्रत्येक पालकसभेत ऐकू येते. पर्ल बक यांनी १९२९ मध्ये आपल्या मुलीला अमेरिकेतील व्हाइनलंड येथील संस्थेत ठेवले ते याच भीतीपोटी. १९५० साली त्यांनी त्याविषयी लिहिले आणि असंख्य घरांतले मौन फुटले. बक १९७३ मध्ये गेल्या. मुलगी १९९२ पर्यंत जगली. एकोणीस वर्षांचे हे अंतर आईने सुमारे चव्वेचाळीस वर्षे आधी मोजले होते. मुलीच्या अवस्थेचे कारण पुढे कळले. तो चयापचयाचा एक विकार होता आणि आज जन्मतः रक्ततपासणी करून आहाराने तो आवरता येतो. तिच्या जन्माच्या वेळी, १९२० मध्ये, ते ज्ञान कोणाकडेच नव्हते.

भारतात या भीतीला १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने उत्तर द्यायचा प्रयत्न केला. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदता आणि बहुविकलांगता असलेल्या अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी स्थानिक समितीमार्फत कायदेशीर पालक नेमता येतो. पालकांना दिलासा मिळाला. परंतु पालकत्व पूर्ण दिले की ते कोठवर जाते याचा धडा त्याआधीच मिळालेला होता. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी संस्थेतील मतिमंद स्त्रियांवर पुण्यात गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. मासिक पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, अत्याचार झाला तर गर्भ राहील, ही कारणे देण्यात आली. स्त्री-संघटनांनी आवाज उठवला आणि त्या थांबल्या. कारणे देणारी माणसे दुष्ट नव्हती. ती सांभाळ करणारी होती. अत्याचाराचा धोका खरा होता आणि त्यावर काढलेला उपाय मात्र अत्याचार करणाऱ्याच्या सोयीचा होता. २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे चंडीगढच्या एका संस्थेतील अशाच स्त्रीचा खटला आला. बलात्कारातून गर्भ राहिलेला. उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिलेला. तिला मूल हवे होते. सर्वोच्च न्यायालयाने तिची इच्छा प्रमाण मानली. मंदबुद्धी ही मनोरुग्णता नव्हे आणि तिची संमती वगळता येणार नाही, असा तो निर्णय होता. मिताक्षरेने ज्याला हिताहित ठरवता येत नाही असे म्हटले होते त्याच्या 'मला हवे' या शब्दांना येथे प्रथमच इतके वजन आले.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारनाम्याने, जो भारताने २००७ मध्ये मान्य केला, हाच विचार तत्त्व म्हणून मांडला: व्यक्तीच्या जागी निर्णय घेऊ नये, तिला निर्णय घ्यायला आधार द्यावा. २०१६ च्या कायद्यातले 'मर्यादित पालकत्व' त्यातून आले. १९९९ चा कायदाही कायम आहे. दोन कायदे दोन दिशांना ओढतात आणि मध्ये एक म्हातारी आई कागदपत्रांची पिशवी घेऊन उभी असते. तिला तात्त्विक वाद नको असतो. सही कोण करणार हे हवे असते. परंतु तिच्याच घरात दोन सदरे पुढे धरून 'कोणता?' असे विचारण्याची सवय असेल तर आधार देऊन निर्णय घेणे म्हणजे काय हे तिला कोणत्याही परिसंवादापेक्षा अधिक कळलेले असते.

राहता राहिले भावंड. जुन्या धर्मशास्त्रात भावाला जास्तीचा वाटा मिळत होता आणि त्याबरोबर पोसण्याचे बंधनही. १९५६ नंतर वाटा समान झाला, जो व्हायलाच हवा होता. पण त्या जास्तीच्या वाट्याला बांधलेले बंधनही सुटले. निर्वाहाच्या फौजदारी तरतुदीत, १९७३ च्या संहितेत आणि आता तिच्या जागी आलेल्या २०२३ च्या संहितेतही, असमर्थ प्रौढ अपत्याची जबाबदारी आईबापांवर आहे, भावावर किंवा बहिणीवर नाही. तेव्हा आजचे भावंड जे करते ते कायद्याच्या भीतीने नव्हे. बहुधा ते बहीणच करते, आणि तिचे लग्न ठरवताना 'भावाचे काय' हा प्रश्न समोरच्या पक्षाने विचारलेलाही असतो. तिची संमती गृहीत धरणे हा मुलाच्या संमतीला वगळण्याचाच दुसरा प्रकार होय, ही गोष्ट चांगले पालकही विसरतात.

काही पालक मृत्युपत्राबरोबर एक वही ठेवतात. तीत झटका येण्याआधी डोळे कसे होतात ते असते, कोणत्या गोळीनंतर झोप येते, वरण आणि भात वेगळे वाढले तरच जेवतो, फटाक्यांची भीती, लिफ्टमध्ये हात धरावा लागतो, दुपारी रेडिओ बंद केला तर रडतो, सदरा आता स्वतः घालतो, फक्त वरचे बटण लावून द्यावे. शेजारच्या कोणत्या घरी त्याला बसू देतात, आणि कोणत्या घरी एकटे पाठवू नये. अशी वही आईबापांच्या हयातीत, भावाने किंवा बहिणीने त्यांच्या शेजारी बसून वाचावी लागते, कारण पानोपानी विचारण्यासारखे काही निघते. वाचणाऱ्याला पुष्कळदा तेव्हाच प्रथम कळते की, ज्याच्याबरोबर आपण एका घरात वाढलो त्याला लिफ्टची भीती वाटते.